भांडी घासता घासता प्रार्थना? ब्रदर लॉरेन्स वाचताना होणारी चूक

रोजच्या ख्रिस्ती जीवनात आध्यात्मिक वाढीसाठी वेळ कसा काढायचा, हा विषय निघाला की एका पुस्तकाचं नाव हमखास येतं: 'द प्रॅक्टिस ऑफ द प्रेझेन्स ऑफ गॉड'. सतराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये मठाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या ब्रदर लॉरेन्सचं हे पुस्तक. त्यातून बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: प्रार्थनेला वेगळा वेळ लागतच नाही, काम करता करता देवाची आठवण ठेवली की झालं. सावता माळ्याचा मळा आणि जनाबाईचं जातं आपल्या मनात आधीपासून असतं, त्यामुळे आपल्याला तर हे लगेच पटतं. पण माझ्या मते पुस्तक हे सांगत नाही. आपण ते कसं वाचतो, ते जरा तपासू या.

पहिला प्रश्न नेहमीचाच: हे लिहिलं कोणी? लॉरेन्स १६९१ साली वारले. स्वतः हयातीत त्यांनी पुस्तक छापलं नव्हतं. त्यांची पत्रं, टिपणं आणि त्यांच्याशी झालेल्या चार संभाषणांच्या नोंदी जोसेफ द बोफोर या धर्मगुरूंनी नंतर प्रसिद्ध केल्या. संभाषणांचा भाग तर बराचसा 'ते असं म्हणाले' या थाटात आहे. म्हणजे स्वयंपाकघरातल्या गोंगाटातही देव भेटतो, हे सर्वात गाजलेलं विधान आपल्यापर्यंत बोफोरांच्या हातून आलंय. त्यामुळे ते खोटं ठरत नाही. पण कोणतं वाक्य कोणाच्या लेखणीतून आलं, हे माहीत असलेलं बरं.

दुसरा प्रश्न: या माणसाचा दिवस कसा जायचा? लॉरेन्स कार्मेल संघाच्या सुधारित शाखेत होते. संत तेरेसांच्या सुधारणेपासून या शाखेत रोज दोन तास मौन प्रार्थनेचा नियम आहे. शिवाय मिस्सा, उपासना, एकत्र जेवण, सगळं घंटेवर. तो वेळ लॉरेन्सना 'काढावा' लागत नव्हता, तो मठानेच काढून ठेवला होता.

आता मजकूर नीट वाचा. प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा आणि इतर वेळा यांत आपल्याला फरक वाटत नाही, असं लॉरेन्स सांगतात. वरिष्ठ सांगतात तेव्हा आपण एकांतात जातो, पण स्वतःहून तो मागत नाही, असंही त्यांचं म्हणणं आहे. लोकप्रिय वाचन यातलं 'मागत नाही' एवढंच उचलतं. 'जातो' हे कोणी पाहतच नाही!

तिसरी गोष्ट काळाची. स्वयंपाकघराच्या कामाचा त्यांना मुळात तिटकारा होता. प्रार्थनेच्या वेळेत मन भरकटायचं आणि ते परत आणण्यातच वेळ जायचा, हेही ते कबूल करतात. पहिली दहा वर्षं फार त्रासात गेली, असं एका पत्रात आहे. म्हणजे ज्याला आपण सोपी युक्ती समजतो, ते कित्येक वर्षांच्या सरावाचं फळ होतं.

यावर कोणी म्हणेल, इतका कीस कशाला? तर त्याचं कारण असं. पहाटेची लोकल पकडून ड्यूटीला जाणारी आणि परत येऊन घर सांभाळणारी वसईची एखादी नर्स डोळ्यासमोर आणा. तिला आपण सांगतो, 'वेगळा वेळ कशाला, कामातच देव शोध.' ऐकायला छान वाटतं. पण तिला ते जमलं नाही, तर दोष तिच्या श्रद्धेवर येतो. लॉरेन्सना काम खाली ठेवायला लावणारी घंटा होती. तिच्यासाठी अर्धा तास गॅससमोर कोण उभं राहणार? हा प्रश्न तिच्या घराने आणि तिच्या चर्चने स्वतःला विचारायला हवा. लोकप्रिय वाचनामुळे तो गायब होतो आणि सगळा भार एकटीच्या मनावर पडतो.

लॉरेन्सची शिकवण मला चुकीची वाटत नाही. काम आणि प्रार्थना यांच्यात भिंत नसावी, हे ते मनापासून सांगतात आणि ते जगलेही. पण त्यांना ठरलेल्या वेळेचा पाया मिळाला होता. तो पाया काढून घेऊन वरचा मजला लोकांना विकणं, हे बरोबर नाही.

रिसर्चची तयारी करणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं: अनुभव सांगणारा कोणताही सोर्स वाचताना त्याने काय म्हटलंय याच्या शेजारी, त्याला काय म्हणायची गरजच पडली नाही, हेही लिहून ठेवा. मठातला माणूस घंटेबद्दल फारसं बोलत नाही, कारण ती रोज वाजतच असते.