मोगरा कसला, धणे!

इक्वाडोरच्या ‘नासिओनाल’ कोकोच्या डार्क चॉकलेटवर बऱ्याचदा ‘जॅस्मिन, मध’ असं छापलेलं असतं. घटक वाचले तर कोको आणि साखर, बस्स. मग ही नुसती मार्केटिंगची कविता का?

नाही. 70 टक्क्यांच्या बारचा एक तुकडा जिभेवर ठेवा, चावू नका. कोको बटर साधारण 34 अंशांना वितळतं, तेवढा धीर धरा. आधी कडू, मग किंचित तुरट, आणि नाकाने श्वास सोडला की फूल! या वासामागे लिनालूल आहे. धण्यांच्या तेलातही मुख्य तेच. म्हणून मला मोगऱ्याऐवजी ताजे कुटलेले धणे आठवतात. (आईला दिलं तर ती हेच म्हणेल, पैज.) मध अगदी शेवटी, घशापाशी येतो. तो बराचसा कोको भाजताना तयार होणाऱ्या फिनाइलॲसिटाल्डिहाइडचा.

बार बनवणाऱ्याचा कस इथेच लागतो. मधासाठी भाजावं लागतं, आणि जास्त भाजलं की फूल उडून जातं. म्हणून वेष्टनावरच्या ठळक टक्क्यांचा मला वैताग येतो. 70 म्हणजे कोको किती एवढंच. कोणता, कसा भाजलेला, ते नाही. इक्वाडोरमध्येच 1965 साली तयार झालेला सीसीएन-51 हा भरघोस पिकणारा वाण आता तिथे मोठ्या प्रमाणावर लावतात, आणि त्याला नासिओनालसारखा फुलांचा वास नसतो. वेष्टनावर वाणाचं नाव नसेल, नुसतं ‘इक्वाडोर’ असेल, तर मी तो बार परत फळीवर ठेवतो.