पाचवीला पुजलेले

एखाद्याच्या वाट्यास सतत दुःख आले की ते त्याच्या ‘पाचवीलाच पुजलेले’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु हा वाक्प्रचार कोणत्या खोलीतून आला याचा विचार क्वचितच करतो. जळगाव-धुळ्याकडेच काय, महाराष्ट्रात पुष्कळ घरी पाचव्या रात्री बाळंतिणीपाशी पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा होते. दिवा तेवत ठेवतात, बायका जागतात. देवी येऊन बाळाच्या कपाळी त्याचे भवितव्य लिहिते अशी समजूत आहे.

आमच्या लोकगीतांत डोहाळे आहेत, पाळणे आहेत. या दोहोंमधील प्रहरांविषयी मात्र ती बहुधा मूक असतात. गर्भिणीस काय खावेसे वाटते ते गाणी सांगतात, बाराव्या दिवसाचे बारसेही सांगतात. नाळ कोणी कापली, कशाने कापली, हे सांगत नाहीत. कोणी या मौनास विनय म्हणेल. आम्हांस ते भय वाटते. आणि पाचवीचा विधी हीच त्या भयाची खरी कविता होय.

हे भय निराधार नव्हते. अस्वच्छ विळ्याने नाळ कापली, तीवर शेण वा राख लावली, म्हणजे धनुर्वाताचे जंतू बाळाच्या शरीरात शिरत. पहिले दोन दिवस नीट अंगावर पिणारे बाळ त्यानंतरच्या दिवसांत एकाएकी पिणे सोडी, त्याचा जबडा आवळे आणि ते दगावे. त्या रोगाची वेळ आणि जागरणाची ही रात्र यांचा मेळ आम्हांस केवळ योगायोग वाटत नाही. सटवाईची अक्षरे पुष्कळदा विळ्याच्या पात्यानेच लिहिली जात.

हा लेख पुसता येतो हे आता सिद्ध झाले आहे. गर्भिणीस लस, सुइणीचे धुतलेले हात, नवे पाते आणि कोरडी ठेवलेली नाळ, साधने एवढीच. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतात निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली मान्य केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गावच्याच स्त्रियांना शिकवून ३९ खेड्यांत घरोघरी नवजातांची काळजी घेतली; तेथील नवजात-मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांच्या १९९९ सालच्या निबंधात नमूद आहे.

येथे खानदेशच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे स्मरण होते. आसोद्यात जन्मलेल्या, जळगावात नांदलेल्या या निरक्षर कवयित्रीची गाणी १९५२ साली ग्रंथरूप झाली. त्यांपैकी एका गाण्यात त्या ज्योतिष्यास दारातूनच परतवितात. दैव त्या नाकारीत नाहीत. ते वाचून दाखविणारा मध्यस्थ नाकारतात. आमच्या मते त्या गाण्याचे खरे बळ यातच आहे.

असा मध्यस्थ आजही आहे, त्याचा वेष तेवढा पालटला आहे. २०१९-२१ च्या पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव प्रसूती दवाखान्यात होतात आणि सुमारे चतुर्थांश शस्त्रक्रियेने. अडलेल्या बाईस शस्त्रक्रिया जीवदान देते, हे निर्विवाद. म्हणून डॉक्टरांचा शब्द सटवाईच्या लेखासारखा मुकाट्याने घ्यावा असे नव्हे. शस्त्रक्रिया कशासाठी? कळांच्या वेळी जवळ कोण बसेल? बाळास पहिल्या तासातच उराशी देऊन चीक पाजणार ना? आईबापांनी हे आधीच विचारावे. जुन्या सुइणीस जंतूंचे ज्ञान कोणी दिले नव्हते; पण ती उशापायथ्याशी बसून राही, पाठ चोळी, धीर देई. अशी अखंड सोबत मिळाल्यास शस्त्रक्रियांचे प्रमाण घटते, असे आजचे संशोधनही सांगते.

तेव्हा पाचवी खुशाल पुजावी. मात्र जागणाऱ्यांनी दिव्याच्या उजेडात बाळ नीट ओढते का, त्याचे अंग उबदार आहे का, नाळ कोरडी आहे का, तेही पाहावे. आणि यांत काही उणे दिसल्यास सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.