धुऱ्यावर बसून काढलेले चित्र

मागल्या आश्विनात मेहकरजवळच्या आमच्या जुन्या वावरात चार दिवस राहून आलो. बरोबर रंगांची पेटी होती. पन्नाशीनंतर माणसाला चित्रकलेची उबळ येते. घरची मंडळी ती बिचारी सोसून घेतात.

पहिल्या दिवशी धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसून काढलेले चित्र पाहून मीच चकित झालो. समोर सोयाबीन सोंगून झालेले, मधूनमधून तुरीची हिरवी तासे उभी. आणि कागदावर काय? कौलारू घर, वळणाची पायवाट नि डोक्यावर घागर घेतलेली ठसठशीत बाई! आमचे घर धाब्याचे. त्याला कौल कधी चढलेच नाही. विहिरीवर तर मोटार बसवूनही कैक वर्षे झाली.

ही बाई आली दिवाळी अंकांतून. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ काढला आणि मराठी घरांत चित्र पाहण्याची गोडी रुजवली. ते ऋण मी मानतो. दलालांची रेषा दलालांच्या हाती जिवंतच होती. पण त्यांच्यामागून आलेल्यांनी तिचा गिरवण्याचा कित्ता केला. त्या कित्त्यातल्या खेड्याला जिल्हा नसतो, पीक नसते आणि ऊनही नेहमी सोयीचेच असते. वऱ्हाडची काळी, भेगाळलेली जमीन त्यात कशी मावावी?

दुसऱ्या दिवशी मी शहाणा झालो आणि ‘खरे’ काढायला बसलो. गोठ्याची ढासळलेली भिंत निवडली. पांढरी माती, उघडे पडलेले लाकूड, त्यावर संध्याकाळचे ऊन! चित्र झोकात उतरले. काका मागे येऊन उभे राहिले.

“पडेल भित काहून काढतो रे? उभी होती तवा तर आला नाही.”

यावर मी काय बोलणार? आमच्याकडून लोणार जवळच. तिथल्या दैत्यसूदन मंदिराची छायाचित्रे रॉबर्ट गिलने १८६० नंतरच्या दशकात घेतली. हा गोरा अधिकारी आधी अनेक वर्षे अजिंठ्याच्या लेण्यांतली चित्रे उतरवीत होता. परक्याने भग्न वास्तूकडे कौतुकाने पाहावे, यात वावगे नाही. त्या छपराखाली त्याचे कुणी राहत नसते. माझे मात्र राहत होते. पडझडीची चित्रे आपल्याला आवडतात त्यात हा निर्दयपणाचा अंश असतो, आणि आमची चित्रसमीक्षा ‘वातावरण’ हा शब्द टाकून तो झाकून नेते.

मग आठवले ते आबालाल रहिमान. १९३१ मध्ये ते वारले. कोल्हापूरच्या कोटितीर्थाकाठी राहून त्यांनी तेच पाणी नि तीच झाडे पुन्हापुन्हा रंगवली. त्यांच्या निसर्गचित्रांत गोष्ट नाही, उसासे नाहीत. दिवसाची वेळ तेवढी आहे. मला ते मोठे वाटतात ते यासाठी, की रोज पाहिलेली जागा त्यांनी गृहीत धरली नाही. चार दिवसांच्या पाहुण्याला ते कुठून साधावे? तरी तिसऱ्या दिवशी सकाळी, दुपारी नि सांजेला मी तुरीचीच तासे काढली. चित्रे अगदी सामान्य झाली.

काकांनी तिन्ही कागद उन्हात धरून निरखले. म्हणाले, “सहावं तास मधात मोडलं आहे, डुकरं गेली तिथून. तू सरळच काढलं.”

मी उठून पाहून आलो. तास मोडलेलेच होते. चौथ्या दिवशी, बस यायच्या आत, ते तेवढे दुरुस्त केले.