अडखळती जीभ आणि ‘इंग्लिश विंग्लिश’

परकी भाषा वाचतां येणें निराळें आणि ती चारचौघांत बोलतां येणें निराळें. शाळेंत वर्षानुवर्षें इंग्रजी शिकून, व्याकरणाचे नियम मुखोद्गत करून, परीक्षेंत उत्तम गुण मिळविलेल्या माणसाचीही मुलाखतीच्या खोलींत कशी त्रेधा उडते, हें आमच्या वाचकांस सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पुष्कळांनीं तें स्वतः अनुभविलें असेल. या त्रेधेवर आमच्याकडे विनोद उदंड झाले. तिच्याकडे सहानुभूतीनें आणि तितक्याच बारकाईनें पाहणाऱ्या कलाकृती मात्र थोड्या. गौरी शिंदे यांचा २०१२ सालचा ‘इंग्लिश विंग्लिश’ हा हिंदी बोलपट त्या थोड्यांपैकीं एक होय. तो येऊन आतां दशकाहून अधिक काळ लोटला आहे. तेव्हां त्याच्या लोकप्रियतेचा गलबला बाजूस ठेवून, परभाषा बोलूं पाहणाऱ्याच्या अडचणींविषयीं तो खरें काय सांगतो आणि कोठें चुकतो, हें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कथानक बहुतेकांस ठाऊक असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. शशी गोडबोले ही पुण्याची गृहिणी घरच्या घरीं लाडू करून विकते. ती हुशार आहे, हाताला चव आहे, गिऱ्हाइकें तिच्यावर खूष आहेत. पण तिला इंग्रजी येत नाहीं, आणि तिच्या पतीला व मुलीला ही थट्टेची बाब वाटते. ‘जॅझ’ हा शब्द तिच्या तोंडून वाकडा निघाला कीं न्याहारीच्या वेळीं हंशा पिकतो. पुढें भाचीच्या लग्नासाठीं ती इतरांच्या आधीं एकटीच न्यूयॉर्कला जाते, तेथें एका उपाहारगृहांत तिची फजिती होते, चार आठवड्यांच्या इंग्रजी वर्गांत ती गुपचूप नांव घालते, आणि अखेर लग्नमंडपांत चार शब्द इंग्रजींतून बोलते.

उपाहारगृहाचा प्रसंग आमच्या मतें या बोलपटाचें मर्म होय. कॉफी आणि पाणी हे शब्द शशीला येतात. तिची गाळण उडते ती प्रतिप्रश्नांनीं : कॉफी कोणत्या प्रकारची? पाणी साधें कीं फसफसणारें? मागें रांग ताटकळलेली, आणि विकणारीचा स्वर त्रासिक. परभाषा बोलणाऱ्याला तीन कामें एकाच क्षणीं करावीं लागतात : ऐकलेलें उलगडणें, उत्तर योजणें आणि तें वाक्यांत बसविणें. मातृभाषेंत हीं कामें नकळत उरकतात. परभाषेंत प्रत्येकाला वेळ लागतो, आणि वेळ ही एकच वस्तु समोरचा माणूस द्यावयास तयार नसतो. त्यांत भीतीची भर पडली कीं पाठ असलेले शब्दही ऐन वेळीं दडी मारतात. शशी रडत बाहेर पळते ती इंग्रजी येत नाहीं म्हणून नव्हे. आपण कुचकामाचे आहोंत, असें घरांतील हंशानें तिला आधींच पटवून दिलेलें असतें, म्हणून.

मग या अडचणीवर उपाय कोणता? कॅनडांतील मायकेल कॅनेल आणि मेरिल स्वेन या अभ्यासकांनीं १९८० सालीं भाषाज्ञानाची जीं अंगें सांगितलीं, त्यांत व्याकरणाच्या बरोबरीनें निभावून नेण्याच्या कौशल्यालाही स्थान दिलें. शब्द अडला तर वळसा घालून अर्थ पोंचविणें, पुन्हां सांगण्याची विनंती करणें, हातवाऱ्यांचा आधार घेणें, हीं त्याचीं लक्षणें. बोलपटांतील वर्गांत हें सारें घडतांना दिसतें. शशी धीर करून विचारते कीं अमेरिकेच्या नांवामागें ‘द’ लागतो, तर इंडियाच्या मागें कां नको? ज्यांच्या भाषेंत असें उपपद मुळींच नाहीं, त्या मराठी माणसाला हा प्रश्न हंसण्याजोगा वाटणार नाहीं. तो खऱ्या विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. स्वतःचा धंदा चालविणाऱ्यासाठीं असलेला भारदस्त इंग्रजी शब्द शिक्षकाकडून ऐकल्यावर ती तो रस्त्यानें चालतांना पुटपुटत राहते. जिभेला वळण लागतें तें अशाच एकांतांत. आणि वर्गांतील फ्रेंच बल्लवाशीं ती कधीं कधीं सरळ हिंदींत बोलते, तो फ्रेंचमध्यें उत्तर देतो. शब्द कोणाचेच कोणाला कळत नाहींत. पण शिणलेल्या जिभेला तेवढा विसांवा मिळतो.

ही भूमिका श्रीदेवीनें केली, हाही एक योगच म्हणावयाचा. जन्मानें ती तामिळनाडूची; हिंदी तिनें मागाहून आत्मसात केली. आरंभींच्या तिच्या कित्येक हिंदी बोलपटांत तिच्या तोंडचे शब्द दुसऱ्यांच्या आवाजांत ऐकूं येत. स्वतःच्या आवाजांत ती बोलली ती १९८९ सालच्या ‘चांदनी’मध्यें. शब्दापूर्वींचा तो किंचित् थांबा, ती भेदरलेली नजर, यांतला खरेपणा अभिनयाच्या शिक्षणानें सर्वस्वीं साधला असेल, असें आम्हांस वाटत नाहीं.

चार आठवड्यांत इंग्रजी येणें अशक्य, असा एक आक्षेप घेण्यांत येतो. तो आम्हांस मान्य नाहीं. शशीचें अखेरचें भाषण नीट ऐकावें. वाक्यें तोकडीं आहेत, मध्यें ती थांबते, व्याकरण डळमळतें. तिला इंग्रजी आलें असें दिग्दर्शिका म्हणतच नाहीं. जेवढें आलें तेवढ्यांत बोलण्याची भीड चेपली, इतकेंच ती म्हणते. आणि हें चार आठवड्यांत घडूं शकतें, मात्र ऐकणारे हंसणारे नसले तर. त्या वर्गांत सारेच अडखळणारे असतात; म्हणून तेथें कोणी कोणाला भीत नाहीं.

आमची तक्रार निराळीच आहे. शशीला हंसूं नका असें बजावणारा हा बोलपट तिच्या सहाध्यायांना मात्र हंसावयास लावतो. पाकिस्तानी टॅक्सीवाला, आईच्या इडलीसाठीं झुरणारा दाक्षिणात्य संगणक-अभियंता, चिनी तरुणी, या साऱ्यांच्या चुका प्रेक्षकांच्या करमणुकीसाठीं मांडल्या आहेत. शशीचे उच्चार करुण, आणि त्यांचे तेवढे विनोदी, हा न्याय कोठला? त्यांनाही कोठें तरी हिणविलें गेलें असेल, तेही एखाद्या काउंटरवरून माघारीं फिरले असतील. पण त्यांची ती बाजू आपल्याला दिसत नाहीं. नायिकेला दिलेली करुणा सर्वांना वांटतां आली असती, तर ही कृति चांगलीच्या ऐवजीं थोर झाली असती.

असो. उणीव मोठी असली तरी बोलपटाचें सांगणें त्यामुळें खोटें ठरत नाहीं. परतीच्या विमानांत शशी इंग्रजींतून चौकशी करते ती हिंदी वर्तमानपत्राची. परभाषा कामापुरती, ओढ स्वतःच्या भाषेची, हा तोल त्या एका प्रश्नांत आला आहे. परंतु आमच्या वाचकांनीं घरीं न्यावयाची गोष्ट याहून साधी आहे. आज मराठी घरांतून मुलें इंग्रजी माध्यमांत शिकतात, आणि आईचा उच्चार सुधारण्यांत त्यांना मौज वाटते. वडीलही त्या हंशांत सामील होतात. त्या हंशानें आईचें इंग्रजी सुधारत नाहीं. ती फक्त बोलणें सोडते. पुढच्या खेपेस तिचा शब्द अडला तर तिला क्षणभर वेळ द्यावा. कोणत्याही वर्गांत मिळणार नाहीं असा पहिला धडा तोच आहे, आणि तो शिकावयाचा आहे ऐकणाऱ्यांनीं.