‘वेठ’ : एका शब्दाची कैफियत

एखादे लेखन ओढूनताणून पुरे केलेले दिसले की आपला टीकाकार ‘लेखकाने वेठ वारली आहे’ असा शेरा मारून मोकळा होतो. शेरा यथार्थ असेलही. परंतु ज्या शब्दाने तो मारला, त्या शब्दाची कैफियत ऐकून घेण्यासारखी आहे.

‘वेठ’ हे संस्कृत ‘विष्टि’चे मराठी रूप होय. विष्टि म्हणजे राज्यसत्तेने प्रजेकडून सक्तीने व विनामोबदला करून घेतलेले काम. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिचा उल्लेख येतो. रुद्रदामन् क्षत्रपाच्या, इ. स. १५० च्या सुमाराच्या गिरनार येथील शिलालेखात, सुदर्शन तलावाचा बांध पुन्हा बांधताना कर, विष्टि व प्रणय (म्हणजे सक्तीची देणगी) यांनी प्रजेला पीडा दिली नाही, असे गौरवाने कोरलेले आहे. विष्टि न घेणे ही प्रौढीची गोष्ट ठरावी, यातच ती घेण्याचा प्रघात किती रूढ असेल ते दिसते.

फुकट राबविला जाणारा मनुष्य कामात जीव कशाला ओतील? तो ते कसेबसे अंगावेगळे करणार. या वाटेनेच ‘निष्काळजीपणे उरकलेले काम’ हा अर्थ ‘वेठ’ला येऊन चिकटला. आपले हिंदीभाषी शेजारी नेमक्या याच अर्थाने ‘बेगार टालना’ म्हणतात. आणि तो फारसी शब्द आपल्याही ‘वेठबिगारी’त वेठीच्या जोडीला येऊन बसला आहे. दोन भाषांनी दोन भिन्न कुळांच्या शब्दांतून एकच अनुभव नोंदवावा, हा केवळ योगायोग नव्हे.

मात्र या अर्थांतरात एक अन्याय घडला. सक्ती करणारा विस्मरणात गेला आणि ठपका राबणाऱ्यावर राहिला. संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने बिगार निषिद्ध ठरविली. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ साली झाला. परंतु भाषेतील ठपका अद्यापि कायम आहे.

म्हणून टीकाकाराने हा शब्द योजताना विचारावे : याला वेठीस धरले कोणी? कचेरीत माझ्यासारखे पगारदार कधीमधी ज्या टाकतात, त्या पाट्या. ती वेठ नव्हे. आणि बृहन्महाराष्ट्रातील आपल्या मासिकांतून मानधनावाचून लिहिणाऱ्यालाही कोणी बांधून आणलेले नसते. आपखुशीने हाती घेतलेले लेखन भोंगळ उतरले, तर त्याला सरळ भोंगळ म्हणावे. ‘वेठ’ हा शब्द, ज्यांना नकार देण्याची मुभाच नव्हती, त्यांच्यासाठी राहू द्यावा.