शहराची वीज आणि गावाचे मत

२००६ साली गणपतीसाठी मिठबावला गेलो होतो. आरती चालू असतानाच वीज गेली. समईच्या उजेडात आरती पुरी झाली. पडवीत बसल्यावर शेजारच्या काकांनी विचारले, "पुण्यात लाईट जाणा नाय म्हणतत, ता कसा?" मी भौतिकशास्त्राचा माणूस. उत्तर सोपे वाटले आणि देऊनही टाकले. ते किती अपुरे होते हे पुढे लक्षात आले.

पुण्यात घडले होते ते असे. राज्यात विजेचा मोठा तुटवडा होता आणि भारनियमन सर्वत्र चालू होते. पुण्याच्या वाट्याचा तुटवडा साधारण ९० ते १०० मेगावॅटचा होता. शहरातील कारखान्यांकडे स्वतःची डिझेल जनित्रे होती. मागणीच्या ऐन तासांत कारखान्यांनी ती चालवावीत, म्हणजे तितकी वीज शहरासाठी मोकळी होईल, अशी सूचना उद्योजकांच्या संघटनेने मांडली. डिझेलची वीज महाग. तो जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांकडून युनिटमागे सुमारे ४२ पैसे घेऊन भरून काढायचा आणि लहान घरगुती ग्राहकांना त्यातून वगळायचे, असे ठरले. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने जाहीर सुनावणी घेतली आणि जून २००६ पासून योजना सुरू झाली.

या योजनेचे श्रेय द्यायलाच हवे. बंद दाराआड ठरलेल्या वीजखरेदीची किंमत महाराष्ट्राने दाभोळ प्रकल्पात मोजली होती. १९९९ साली वीज देऊ लागलेला तो प्रकल्प २००१ साली बंद पडला. त्या तुलनेत पुण्यात आकडे लोकांसमोर आले, किंमत आधी सांगितली गेली, आक्षेप ऐकले गेले. तरीही माझ्या मते या लोकसहभागात दोन मोठ्या उणिवा राहिल्या.

पहिली उणीव प्रश्नाच्या मांडणीत होती. 'वीज कमी पडते, ती कोठून आणायची?' असा प्रश्न ठेवला की उत्तर जनित्राचेच येते. 'मागणी किती कमी करता येईल?' असेही विचारता येते. एक हिशेब करू. समजा, शहरात १० लाख घरे आहेत आणि संध्याकाळी प्रत्येक घरात ६० वॅटचे दोन दिवे जळतात. त्यांच्या जागी १४ वॅटचे सी.एफ.एल. दिवे लावले, तर एका घरात ९२ वॅट आणि शहरात ९२ मेगावॅट मागणी घटते. निम्म्या घरांनी तसे केले तरी ४६ मेगावॅट. शिवाय केंद्रातून निघालेल्या १०० युनिटांपैकी १५ युनिटे वाटेत गळत असतील, तर घरात वाचलेले १ युनिट केंद्रावर सुमारे १.१८ युनिट वाचवते. ट्यूबलाईटची घरे वगळल्यास आकडा खाली येईल हे खरे. पण डिझेलच्या बरोबरीने हा पर्याय तोलून पाहण्याइतका तो नक्कीच मोठा आहे.

ही कल्पना नवी नव्हती. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्रा. अमूल्य रेड्डी यांनी कर्नाटकासाठी असाच अभ्यास केला होता. सन २००० साठी सरकारी समितीने सुमारे ९,४०० मेगावॅट क्षमतेची गरज सांगितली होती. विजेचा उपयोग कशासाठी आणि किती काटकसरीने होऊ शकतो, येथून सुरुवात केल्यावर रेड्डी यांच्या गटाचा आकडा आला सुमारे ४,००० मेगावॅट. महाराष्ट्रासाठी असे काम पुण्याच्या 'प्रयास' संस्थेतील गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी केले.

दुसरी उणीव मला मिठबावच्या पडवीतून दिसली. सुनावणीतील 'लोक' म्हणजे शहराचे ग्राहक. वीज जेथे तयार व्हायची, तेथले लोक त्यात नव्हते. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या ४,००० मेगावॅटच्या महाप्रकल्पासाठी देवगड तालुक्यात आधी गिर्ये आणि नंतर मिठबावजवळचे मुणगे या जागा सुचवल्या गेल्या. पूर्ण क्षमतेने चालणारे असे केंद्र तासाला ४० लाख युनिटे वीज देते. युनिटमागे अर्धा किलो कोळसा धरला, तर तासाला २,००० टन कोळसा जळेल. आंब्याचे बागायतदार आणि मच्छीमार यांनी विरोध केला. दोन्ही जागी प्रकल्प उभा राहिला नाही.

या विरोधाला 'विकासाला विरोध' म्हणणे सोपे आहे. पण या लोकांचे मत विचारण्याची वेळ कोणती, ते पाहा. पर्यावरणविषयक जनसुनावणी होते ती प्रकल्प आणि जागा ठरल्यानंतर. २००३ च्या वीज कायद्यानुसार दराच्या अर्जावर जनतेच्या सूचना घ्याव्या लागतात, पण दर हा योजनेचा शेवटचा टप्पा. किती वीज लागेल, हा पहिला प्रश्न या दोन्ही सुनावण्यांच्या आधीच सुटलेला असतो. मग गावाकडे 'हो' किंवा 'नाही' एवढेच उरते.

वितरण कंपन्यांनी पुढील दहा वर्षांची गरज आणि पुरवठा यांचा आराखडा करावा, अशा मार्गदर्शक सूचना केंद्र सरकारने २०२३ साली दिल्या आहेत. लोकांना बोलवायचे तर या आराखड्याच्या वेळी बोलवावे, आणि शहराच्या ग्राहकांबरोबर किनाऱ्यावरच्या गावांनाही.

त्यासाठी आकडे वाचता येणारे नागरिक हवेत, आणि ते काम शाळेत होऊ शकते. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना घरचे वीजबिल आणायला सांगावे. कोणते उपकरण किती वॅटचे, संध्याकाळी सात वाजता त्यांपैकी किती चालू असतात, याची नोंद करावी. वर्गाची बेरीज करून गावाची मागणी काढावी आणि ती किती घटवता येईल ते मांडावे. 'वॅट' आणि 'युनिट' यांतील फरक फळ्यावरच्या व्याख्येपेक्षा या वहीत लवकर कळतो.

काकांना मी तेव्हा सांगितले होते, "पुणेकर जास्त पैसे भरतात." आज मी म्हणेन, "पुणेकरांना विचारले गेले होते. तुम्हांला नाही."