खेळाचे पुनरुज्जीवन: संहिता आणि प्रयोग

'रूनक्वेस्ट' हा १९७८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अद्भुतकथेचा खेळ. त्यात खेळाडू पात्रे धारण करून संवादांतून कथा घडवितात. 'केऑसियम' या मूळ प्रकाशनसंस्थेने २०१५ साली लोकवर्गणी मागून त्याची जुनी दुसरी आवृत्ती पुन्हा छापावयास घेतली. यायोगे नियमग्रंथ रक्षिला गेला. खेळही जगला काय? नियम हे व्याकरण, खेळ ही बोली. बोलणाऱ्यांवाचून ती टिकत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेची १२० पाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राजघराण्याच्या आश्रयाने पुन्हा रंगविली जाऊ लागली. ती संग्रहाची वस्तू ठरली, डाव मात्र विरळाच मांडला जातो. लोकवर्गणी देणारा निदान स्वतः खेळाडू असू शकतो, हा तिचा विशेष होय. तथापि पुनरुज्जीवनाचे माप जमलेल्या रकमेवरून नव्हे, मांडलेल्या डावांवरूनच घ्यावे लागेल.